मोबाईलचा उपास

आई, मध्यंतरी सहा दिवस माझ्याजवळ फोन नव्हता. तू असतीस तर विचारलं असतंस, "हरवला का रं?" हरवला नाही, मीच लेकीच्या कपाटात ठेवायला दिला होता. आमच्या टॉवेल कारखानदारांच्या मंडळात सध्या ही टूम आहे, मोबाईलचा उपास. डॉक्टर सांगतात, बायका सांगतात, मग आम्ही मालक लोक पाळीपाळीने तो धरतो आणि एकमेकांना विचारतो, उपासाला हातातलं स्मार्ट घड्याळ चालतं का, लॅपटॉप चालतो का. एकाने तर ड्रायव्हरचा फोन चालवून घेतला. मी मात्र कडकडीत केला. पहिले दोन दिवस हात सारखा खिशाकडे जायचा. तिसऱ्या दिवशी मॅनेजर कागद घेऊन घरी आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. लोक म्हणतात तशी शांतता वगैरे काही वाटली नाही. इतक्या वर्षांचा थकवा तेवढा वर आला, आणि तू आठवत राहिलीस.

भवानी पेठेतली आपली खोली आठवली. दाराशी तुझं शिलाई मशीन, बाजूला टॉवेलांचा ढीग, आणि तू काठ दुमडत पायडल मारत बसलेली. मी शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि बोलायला लागतो. तुझा पाय थांबतो. दर वेळी थांबायचा. एकदा ठेकेदाराचा माणूस गठ्ठ्यासाठी दारात ताटकळत होता, आणि मला नेमकं तेव्हाच सांगायचं होतं की चित्रकलेच्या बाईंनी माझा बैल सगळ्या वर्गाला दाखवला. "थांबा वो जरा, पोरगं काय सांगतंय ते ऐकू द्या की," म्हणालीस त्याला. तो चरफडत उभा राहिला आणि तू मला विचारत बसलीस, शिंगं कशी काढलीस म्हणून. पुढे माझा कारखाना उभा राहिला, पहिला मोबाईल आला. तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी एका हाताने भाकरी मोडत होतो आणि दुसऱ्या हाताने फोन धरून बोलत होतो. तू समोरून ताटच उचललंस. "आदी त्येच्याशी बोलून घे, मग जेव. भाकरी कुटं पळून जात न्हाय." केवढा राग आला होता मला तुझा. आता तसं कुणी ताट उचलत नाही.

उपास सुटल्यावर मंडळाने मला चार शब्द बोलायला बोलावलं. मी उभा राहिलो आणि तुझी गोष्ट सांगितली, ती अशी. वीसेक वर्षांपूर्वी आई हॉस्पिटलात होती. संध्याकाळी मी तिच्या कॉटपाशी उभा होतो, एका मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन चालू होता. आई काहीतरी म्हणाली. मी तिला थांब म्हणून बोट दाखवलं आणि बोलत बोलत बाहेर पडलो. सकाळी आई गेली. "ती काय म्हणाली, ते या फोनमुळे मला कधीच कळलं नाही," असं मी म्हणालो. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कारखानदाराने डोळे पुसले, आणि मग बराच वेळ टाळ्या वाजल्या.

परत येताना गाडीत लेक रडत होती. तिने तुला फोटोतच पाहिलंय. म्हणाली, "बाबा, काय म्हणाली असेल हो आजी?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक, बाळा." त्या दिवसापासून मी तिच्या खोलीत गेलो की ती हातातलं सगळं बाजूला ठेवून माझ्याकडे बघते. मला ते सहन होत नाही. लाज वाटते, आई. आज मंडळाने अंकासाठी तेच भाषण लिहून मागितलं. ते लिहायला म्हणून कागद घेतला आणि हे लिहीत बसलो.

तुला काय सांगायचं, तू तर तिथेच होतीस. गिऱ्हाईक केव्हाच बोलून मोकळं झालं होतं. फोनवर कुणी नव्हतं, तो मी नुसता कानाला धरून ठेवला होता. तू विचारलंस, "आज हितं ऱ्हातोस का?" मला स्वच्छ ऐकू आलं. फिनेलच्या वासाने डोकं उठलं होतं, चार दिवस धड झोप नव्हती, मला घरी जाऊन पडायचं होतं आणि तुला तोंडावर नाही म्हणायची हिंमत होत नव्हती. म्हणून त्या बंद फोनात "हां, हां, पाठवतो" म्हणत मी तुला बोट दाखवलं. तू म्हणालीस, "बोल, बोल. कामाचं आसंल." माझं नाटक तुला कळलं होतं का, हे मी इतकी वर्षं स्वतःलाच विचारतोय. फोनला मी सहा दिवस शिक्षा दिली. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता?

मंडळाला त्यांचं भाषण लिहून पाठवलं. त्यात फोन चालूच आहे. मग हा कागद घेऊन लेकीच्या खोलीपर्यंत गेलो. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "बोला ना, बाबा." मी विचारलं, "जेवायला काय केलंय गं?" आणि परत आलो.