गायगोधनाला बंद कुरण

आर्वी,
१७ नोव्हेंबर २००४

चि. गजेंद्र,

आशीर्वाद. वनखात्याच्या साहेबांनाही माझा नमस्कार सांग. ते तुझ्याच खुर्चीत बसतात.

शाळेला सुट्टी आहे. माझा गुडघा कुरकुरतो, ह्यांचा खोकला कमी आहे. जैवविविधतेवरचं तुझं भाषण पेपरात वाचलं. उच्चार शुद्ध असावेत.

पाडव्याला गायगोधनासाठी गावी गेले होते. गुराखी डोमाजीनं गायींची शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली, डफ वाजवत सगळे कुरणाकडे निघाले. पाऊस लागल्यापासून बंद ठेवलेलं कुरण त्या सकाळी उघडतात, हे तुला नव्यानं सांगायला नको. यंदा आषाढात तुझ्या खात्यानं तिथे चर खणले, तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, गायींची वाट मोकळी राहील. त्या भरवशावर गेलो. पुढे तारेचं कुंपण, आत सुबाभळीची रोपं.

नागपूरकडे कारखान्यासाठी जंगल तोडलं, त्याची भरपाई इथे लावली म्हणे. प्रगती झाली, निसर्गही वाचला. चर खणताना तणमोराची अंडी तेवढी फुटली, आणि सजवलेल्या गायी कुंपणात शिरल्या म्हणून कोंडवाड्यात गेल्या.

वनरक्षक म्हणाला, "पडीक जमीन आहे, बाई. साहेब गेल्या वर्षी भादव्यात स्वतः पाहून गेले. एक ढोर चरत नव्हतं."

डोमाजीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "गजूले मालूम नाई काय? इथंच त मोठा झाला."

संस्कृतात गवताला किती शब्द आहेत, ही माझी पंतोजीगिरी तिथे काय कामाची?

भादव्यात तिथे गुरं नसतात, कारण गवत बी धरेपर्यंत गाव आत पाय टाकत नाही. चेंडू आणायला शिरलास म्हणून बाबांनी तुला बदडलं होतं. गावानं राखलं म्हणून ते रिकामं दिसलं. परका माणूस फसला असता. तू फसला नाहीस, गजेंद्र. तू नेमका तो महिना निवडलास.

सोमवारी तहसीलदारांपुढे सुनावणी आहे. साक्षीला गावानं माझं नाव दिलंय, आणि मी हेच सांगणार, तुझ्या नावानिशी. तू स्वतः येऊन सांगितलंस, तर मागे गप्प बसेन. नाहीतर साहेबांची बहीण म्हणून कुणी खुर्ची पुढे केली, तरी उभ्यानंच बोलेन.

सोमवारपर्यंत तरी तुझी,
कमलाताई