नकाशावरचं कुंकू

२ जानेवारी २००५

मनस्वीनं डायरी आणली! नवलाईवाल्यांनी कामगारांना वाटल्या. वर सोनेरी अक्षरांत छापलंय — नवलाई महाबाजार. मला म्हणते, "आजी, दिवसभर बडबडतेस ना, ती सगळी हिच्यात घाल. आमच्या कानांना जरा आराम." घालते तर घालते! माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढं धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी बसवलं. पण शेखर वाकून बघून गेला नि म्हणाला, "आये, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे गो." लेकाकडून एवढं मिळालं, पुष्कळ झालं.

नात माझी कल्याणच्या नवलाईत गल्ल्यावर बसते. बसते कसली, आठ तास उभीच असते. एका छपराखाली सगळं मिळतं म्हणे — कांदे, टोपं, चादरी, फ्रीजसुद्धा. शेजारच्या अंबूबाईला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे आपला आठवड्याचा बाजारच की, वर पत्रा घातलेला." तिला मेलीला कशाचं कौतुकच नाय.

९ जानेवारी

काल लिहायचं राहिलं, परवा पण. सुरेखानं पापड लाटायला बसवलं होतं. सून चांगली आहे, पण हातात लाटणं आलं की मुकादम होते.

१३ मार्च

मनस्वीनं महाराष्ट्राचा नकाशा आणून माझ्या खोलीत चिकटवला. नवलाईचं दुकान निघेल तिथं ठिपका द्यायचा. पेन सापडेना, मग मी देवापुढल्या करंड्यातलं कुंकू घेतलं. कल्याणवर बोट टेकलं नि म्हटलं, "लाभ."

ती हसतच सुटली. "आजी, एक म्हण ना!"

अगो, भात मापताना पहिल्या अधोलीला कुणी एक म्हणतं काय? लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. माझ्या सासूनं शिकवलं. आणि माप रिकामं ठेवायचं नाय, तळाला मूठभर दाणे राहू द्यायचे. मग तिनंच पुढं मोजलं — उल्हासनगर दोन, भिवंडी तीन.

तीनच आहेत अजून. पण मनस्वीचे साहेब म्हणतात, वाढवणार.

५ जून

बदलापूर, चार! मनस्वीला तिकडं पाठवलं. नवं दुकान लावायचं तर आधी तिची टोळी जाते. फळ्या लावायच्या, माल मांडायचा, नव्या पोरींना शिकवायचं. बावीस वर्षांची आहे नि लोकांना शिकवते! हिला मी नाक पुसायला शिकवलं.

६ ऑगस्ट

डायरीला हात लावायला जीव नव्हता. सव्वीस जुलैच्या पावसानं कल्याण, बदलापूर सगळं बुडवलं. मनस्वी दोन दिवस वरच्या गोदामात अडकली. आमच्या घरी चूल पेटली नाय. तिसऱ्या दिवशी आली, चिखलानं भरलेली, नि दारातूनच ओरडली, "आजी, भात आहे काय?"

तीन वेळा वाढला. रस्त्याकडच्या भातखाचरातला, झिनी तांदळाचा. लोकांची शेतं वाहून गेली, आमच्या त्या खाचराचा बांधसुद्धा हलला नाय. सासऱ्यांनी नि ह्यांनी हातानं रचलेला बांध आहे तो. हे जाऊन नऊ वर्षं झाली, पण बांधावर गेलं की वाटतं आत्ताच पाणी प्यायला घरी गेलेत.

२० नोव्हेंबर

नाशिक पाच, जालना सहा. पोरगी जालन्याला, चार महिन्यांसाठी. अंबूबाईच्या घरच्या फोनवर फोन येतो, मी धावत जाते, नि दम लागल्यामुळं पहिलं मिनिट वायाच जातं. आज म्हणाली, "आजी, इथं भाकरी छान असते, पण भाताचा नुसता गोळा." आवाज बारीक झाला होता. मग लगेच मोठ्यानं हसली. मला काय कळत नाय?

एक खरं सांगितलंन. साहेब म्हणाले, आपल्या शहापूर नि मुरबाड दोन तालुक्यांना मिळून एक मोठं दुकान काढायचा विचार आहे. निघालं तर मनस्वी तिथली मुख्य! रोज घरी जेवायला! नाय निघालं तर तिला इंदूर. तीन वर्षांसाठी.

इंदूर कुठं आहे ते मी विचारलं नाय.

२१ नोव्हेंबर

शहापूरवर ठिपका लावून टाकला. बारीक, राईएवढा. लबाडी आहे, कबूल.

१२ फेब्रुवारी २००६

काय लिहू, लाज वाटते. पण खोटं लिहून डायरी कशाला बाटवू.

मनस्वी जालन्याहून परत कल्याणला आली. म्हणाली, "चल, एकदा दुकान दाखवते." केवढं ते! दिवे बघू की माल बघू! साबणाच्याच एवढ्या जाती की आंघोळ करणाऱ्यानं कधी निवडायचं? फिरत फिरत तांदळाच्या फळीशी आले. पाकिटावर लिहिलेलं — जुना तांदूळ. आता जुना की नवा ते दाणा चावल्याशिवाय कसं कळणार? बाजारात आमी पोत्यात हात घालतो, दोन दाणे दाताखाली धरतो, कट्ट वाजला तर जुना. मी पाकिटाचा कोपरा दातानं उघडला. चावले. वाजेच ना! नवाच होता.

मी म्हटलं, "हा जुना नाय गो." जरा मोठ्यानं म्हटलं. चार बायका जमल्या. एकीनं टोपलीतलं पाकीट काढून फळीवर ठेवलं. आणि मागं बघते तर साहेब उभे! मनस्वीचं तोंड कुंकवासारखं लाल.

साहेब रागावले नायत. बारीक मिशीचे, हळू बोलणारे. म्हणाले, "आजीबाई, तुम्हाला तांदळातलं फार कळतं." माझ्या पिशवीत मनस्वीच्या दुकानातल्या पोरींसाठी आणलेली आमची झिनी होती, काढून हातावर ठेवली त्यांच्या. "हा घ्या, चावा. ह्याला म्हणतात जुना." चावला हो त्यांनी! विचारलं, कुठला? मग मी काय थांबते! म्हटलं, सापगावचा. मुरबाडच्या रस्त्याला लागून आमचं खाचर आहे, एकदम सपाट, गाडी अगदी बांधापर्यंत जाते. सव्वीस जुलैला सगळं बुडलं, पण आमचं बुडलं नाय.

त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

येताना मनस्वी गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली. आसनगावला उतरल्यावर एवढंच म्हणाली, "आजी, पाकीट फाडायचं नसतं गो."

मी तिचं काम घालवलं काय?

१३ फेब्रुवारी

झोप नाय. पाकीट डोळ्यांपुढून हलत नाय.

५ मार्च

साहेब घरी आले! स्वतःची गाडी घेऊन, आमच्या अंगणात! सुरेखाची धांदल बघायला पाहिजे होती, एक बशी फोडली. मी झिनीचा भात, वालाचं बिरडं, तव्यावरचा सुका बोंबील केला. शेखर कानात म्हणाला, "आये, साहेब शाकाहारी असले तर?" साहेबांनी बोंबील दोनदा मागून घेतला!

जेवून म्हणाले, "आजीबाई, खाचर दाखवता?" मी पुढं, ते मागं. बांधावरून पावलं टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, मोजत. मी म्हटलं, "साहेब, पहिल्या पावलाला लाभ म्हणा." हसले, नि खरंच म्हणाले! पाणी कुठून जातं, विजेची तार कुठून येते, सगळं विचारलं. एवढा मोठा माणूस, पण शेताची केवढी हौस! मनस्वी मात्र रस्त्यावरच उभी राहिली. बांधावर आलीच नाय. ऊन लागतं म्हणाली. एरवी तिला ऊन कधी लागत नाय.

मला वाटतं आमचा तांदूळ नवलाईत जाणार. पाकिटावर लिहितील — सापगावची झिनी! अंबूबाईला सांगितलं तर म्हणते, "पाकिटावर तुझा फोटो पण छाप, म्हणजे उंदीर लागणार नायत."

२६ मार्च

साहेबांकडून निरोप नाय. रोज विचारते, मनस्वी म्हणते, "बघू." शेखर पण हल्ली माझ्याकडं बघून बोलत नाय. बापलेक ओट्यावर बसून कुजबुजतात, मी गेले की आंब्याच्या मोहराचा विषय काढतात. यंदा मोहर आहेच कुठं!

१६ एप्रिल

शहापूरचं दुकान रद्द. मनस्वीनं उभ्याउभ्या सांगितलं, पाणी पिताना. मनासारखी जागा मिळाली नाय म्हणे. ते दुकान आता दुसरीकडं काढणार.

मी म्हटलं, "माझ्या त्या फाडलेल्या पाकिटामुळं ना?"

"नाय गो आजी! तुझी शप्पत, नाय." मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, शाळेतून यायची तेव्हासारखी. केसांत अजून तोच भोवरा आहे उजवीकडं. मी तेल घातलं. इंदूर म्हणजे चांगलं गाव आहे म्हणाली, तिथली मुख्य करणार आहेत, हाताखाली साठ माणसं. साठ! मी तिला खूप खूप शाबासकी दिली. मागच्या दारी जाऊन मग नाक पुसलं.

शहापूरचा ठिपका ओल्या फडक्यानं पुसला. डाग गेला नाय.

१ मे

गेली. कसाऱ्याहून गाडी होती, शेखर पोचवायला गेला. तिच्या पिशवीत एक अधोली तांदूळ घातला. मी मोजायच्या आधीच ती म्हणाली, "लाभ."

१ मे, पुन्हा

शेखर परत आला नि पायरीवर बसून राहिला. मग सगळं बोलला. साहेबांना तांदूळ नको होता, खाचर पाहिजे होतं. त्याच्यावर दुकान बांधायचं होतं. दुसरी कुठली जागा पसंत नव्हती. खाचर माझ्या नावावर, म्हणून मनस्वीला म्हणाले होते, आजींची सही आण, की दुकान तुझं. तिनं त्याच दिवशी त्यांना "नाय" म्हणून सांगितलं. शेखरला शपथ घातली होती, मी जाईपर्यंत आजीला कळू देऊ नको, ती लगेच सही करील.

केली असती.

नकाशात इंदूर सापडत नाय, ते महाराष्ट्राच्या वर आहे म्हणे. नकाशा संपतो तिथून वर, भिंतीवरच कुंकू लावलं.