लाल दोऱ्याची जाळी

आप्पा, आज सकाळी तसाच ठिपका दिसला. माझ्या टाकीतल्या एका गप्पी माशाच्या शेपटीवर, मिठाच्या कणाएवढा, पांढरा. आधी वाटलं काचेवर काही असेल, म्हणून काच पुसली. मग कपाटातून तुमचं भिंग काढलं. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेने टाकून दिलेलं, कडेला तडा गेलेलं, मी सातवीत असताना तुम्ही मला आणून दिलेलं. भिंगातून पाहिल्यावर एकाचे तीन ठिपके झाले.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. मी मासे पाळायला लागले आहे, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं. आठ महिन्यांपूर्वी इथल्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात नाव घातलं. क्लब म्हणजे वीसेक माणसं. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, टाक्या बघायच्या, पिल्लं आणि पाणवनस्पती वाटून घ्यायच्या. निफाडचे एक द्राक्षबागायतदार आहेत, बँकेतल्या दोघीजणी आहेत, एक रिक्षावाले आहेत. पहिल्याच दिवशी रिक्षावाले मला म्हणाले, "ताई, पहिली टाकी शोभेला, दुसरी हौसेला. तिसरी आणली की बायको माहेरी. माझी गेलीय दोनदा." सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी फॉर्म पुढे केला. 'यापूर्वी मासे पाळले आहेत का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. घरी येऊन डायरीत नोंद केली की हे काही खोटं नव्हे, मासे तुमचे होते, माझे नव्हते. त्याच पानावर खाली, दोन दिवसांनी, वेगळ्या शाईत लिहिलेलं सापडतं: मग लिहिताना हात का अडला?

तुमची टाकी स्वयंपाकघरात होती, कारण दोन खोल्यांत दुसरीकडे जागाच नव्हती. लोखंडी चौकट, कोपऱ्यांतल्या फटींत लांबी भरलेली. आई भाकरी थापत असते आणि तुम्ही तिच्यामागे स्टुलावर बसून एंजल माशांकडे बघत असता. "लय झाले लाड त्यांचे," आई म्हणते, "सरका, तवा तापलाय." तुम्ही सरकता, पण नजर हलत नाही. नळाचं पाणी पिंपात दोन दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीनचा वास उडाला की मगच टाकीत ओतायचं. कॉलेजातून आल्या आल्या तुमचा पहिला प्रश्न, "पाणी शिळं झालं का गं?" नवे मासे आणले की ते पंधरा दिवस न्हाणीच्या कोपऱ्यात, बादलीत. "पाहुण्याला लगेच माजघरात घेऊ नये," तुम्ही म्हणायचात. बादलीच्या जाळीला लाल दोरा, टाकीच्या जाळीला पांढरा. एकदा मी बादलीतून काढलेला ओला हात घेऊन टाकीकडे वळले, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. इतकं घट्ट तुम्ही मला त्याआधी कधी धरलं नव्हतं, नंतरही नाही. "एका थेंबात काय असतं ते डोळ्यांना दिसत नाही. हात कोरडा कर." एवढंच. आवाजही चढवला नाहीत.

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. तुमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या, घरी यायला उशीर व्हायचा. बादलीत दोन नवे मासे होते. टाकीत एक कुजकं पान तरंगत होतं आणि पांढऱ्या दोऱ्याची जाळी सापडत नव्हती. मी लाल दोऱ्याची घेतली, पान काढलं आणि जाळी परत तिच्या खिळ्याला अडकवली. पाचव्या दिवशी मोठ्या एंजलच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखं झालं. नवव्या दिवशी टाकीत एकही मासा नाही. तुम्ही फरशीवर बसलेले आहात आणि आईला सांगता आहात, "माझंच चुकलं. घाईत पाणी शिळं होऊ दिलं नाही मी." मी दारात उभी आहे. मला एकच वाक्य बोलायचं आहे. तेवढ्यात आई म्हणते, "बघत काय राहिलीस, आप्पांना चहा दे," आणि मी चहा देते.

तुम्ही परत मासे आणले नाहीत. त्या टाकीत आई कांदे ठेवायला लागली. पुढची चौदा वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, मी त्या टाकीतून कांदे काढत होते आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. भिंग तुम्ही मला त्याच वर्षी दिलंत. "नीट बघायला शिक," म्हणालात. कळून म्हणालात की सहज, हेही मी कधी विचारलं नाही.

आता इथलं सांगते. क्लबात चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक आहेत, पंचाहत्तरीचे, पंचवटीत एकटे राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांच्याकडे डिस्कस आहेत, पोळीसारखे गोल, चपटे मासे. त्यांतली सगळ्यात मोठी जोडी नऊ वर्षांची. सरांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या. "दुकानदार दुसरी जोडी देत होता," सर सांगतात, "तर ही म्हणाली, नको, हेच द्या, हे दोघं भांडतायत म्हणजे संसार जमेल." ते मासे सरांच्या बोटांतून खातात. "आता घरात माझी वाट बघणारे हे दोघंच. दूधवालाही बघतो, पण तो पातेल्याची."

गेल्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जमलो होतो. मी एकीला द्यायला गप्पीची पिल्लं नेली होती आणि त्यांच्यासोबत माझी जाळी, पिशवीत, ओलीच. त्याच्या आठवडाभर आधी माझ्याकडे नवे गप्पी आले होते. पंधरा दिवस वेगळे ठेवायचे ते मी सहाच दिवस ठेवले आणि टाकीत सोडले. चांगले दिसत होते. बाकीचे गेल्यावर मी थोडी थांबले, सर चहा टाकायला आत गेले. त्यांच्या टाकीत बदामाची वाळलेली पानं असतात, त्यातला एक तुकडा फिल्टरच्या तोंडाशी अडकला होता. आपली जाळी दुसऱ्याच्या टाकीत घालायची नाही, हा क्लबाचा पहिला नियम, आणि तो शिकायला मला क्लबाची गरज नव्हती. मी जाळी घातली, तुकडा काढला. पाच सेकंद लागले असतील. आतून सरांनी विचारलं, "ताई, साखर किती?" मी म्हणाले, "अर्धा चमचा." मी स्वतःला विचारते आहे की त्या क्षणी मला लाल दोरा आठवला होता का. विसरले होते असं लिहायला आवडलं असतं.

आज शुक्रवार. पाचवा दिवस. सकाळी आठला क्लबाच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला: "मोठी जोडी दगडाला अंग घासतेय. कालपासून हातातलं खात नाही. काय असावं?" रिक्षावाल्यांनी लिहिलं, हीटर बघा सर. निफाडकरांनी विचारलं, रात्री लाईट गेली होती का. ठिपक्यांच्या रोगाचं कुणाच्या मनातही नाही, कारण सरांच्या टाकीत तीन वर्षांत नवा मासा आलेला नाही. अंग घासणं ही सुरुवात असते. ठिपके दिसायच्या आत औषध पडलं तर मासे वाचण्याची आशा असते. अंगभर मीठ दिसायला लागल्यावर फारशी राहत नाही. तो रोग त्या टाकीत कसा पोचला असेल, हे आज त्या ग्रुपवर मला एकटीला माहीत आहे. सिडकोतून पंचवटीला स्कूटरवर अर्धा तास लागतो. आता साडेअकरा वाजलेत. माझ्या टाकीतल्या त्या गप्पीवर मघाशी तीन होते, आता मी मोजत नाही.

आप्पा, एक सांगायचं राहिलं. सव्वाआठला मीही ग्रुपवर लिहिलं होतं: "सर, घाईत पाणी नीट शिळं झालं नसेल." तुमचंच वाक्य, जवळजवळ तसंच. मिनिटभराने मी ते डिलीट केलं, पण इथे डिलीट केल्याची खूण राहते. खाली सरांनी विचारलंय, "ताई, काय लिहिलं होतंत?" त्यांना उत्तर द्यायचं सोडून मी तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही विचारणार नाही. हे पत्र डायरीतच राहील. औषधाची बाटली पिशवीत ठेवली आहे, हात दोनदा कोरडे केले आहेत. सरांनी आत्ताच पुन्हा विचारलंय. चपला घातल्या आहेत, आणि मी अजून खुर्चीतच आहे.