अनुमोदन

रविवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे लिफ्ट सुरू झाली, गच्चीवरची टाकीही एकदाची धुऊन झाली. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून मी घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. कुणाचा नळ गळला तरी माझ्याच नावाने शंख. तू हसशील, पण मला ते आवडतं. ऑफिसात कुणी विचारत नाही, इथे चार लोक "साहेब" म्हणतात.

गेल्या सभेची गंमत सांगतो. कुणी ठराव मांडला की मी लगेच "अनुमोदन" म्हणून मोकळा होतो, नाहीतर चर्चेचं गुऱ्हाळ संपत नाही. त्या दिवशी तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांनी ठराव वाचला, "दारोदार बेल वाजवून रहिवाशांना त्रास देणाऱ्या व्यक्तीचा बंदोबस्त व्हावा." मला वाटलं, सेल्समन. म्हटलं, "अनुमोदन!"

कुणीच हसलं नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. मग समोरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, ते तुमच्या आईंबद्दल आहे."

फोनवर तू विचारतेस तेव्हा मी "बरी आहे" म्हणतो. ती बरी नाही गं. सभेतच कळलं, मी आणि बायको कामावर गेलो की ती बाहेर पडायची आणि प्रत्येक दारात विचारायची, "आमचा धाकटा आलाय का इथे?" संध्याकाळी मी कमिटीच्या खोलीत, तेव्हाही तेच. एकदा घरात मीच समोर गेलो, तर म्हणाली, "साहेब, तुम्ही पाहिलंत का त्याला?"

ठराव मंजूर झाला. स्वतःच दिलेलं अनुमोदन कोणत्या तोंडाने मागे घेणार? दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, कडी चुकून बाहेरून सांगताय."

मी म्हटलं, "चुकून नाही."

आता इमारतीत शांतता आहे. वकीलसाहेबांनी हात जोडून आभार मानले. आई आतून दार ठोठावते आणि थकली की तिथेच खाली बसते. मला स्वतःची लाज वाटते, ताई.

तू तिला घेऊन जा. तुझ्याकडे अंगण आहे, तिला फिरता येईल. भरदुपारीच ये, मी नसताना. तिला जाताना मला बघवणार नाही. आणि आल्यावर बेल वाजवू नकोस, आतून कुणालाही उघडता येत नाही. बाहेरची कडी काढ आणि दार अगदी हळू ढकल. ती दाराला टेकूनच बसलेली असेल.

तुम्हा दोघींचा,
धाकटा