शंभर वेढे

बाबा, तुमचा ॲम्प्लिफायर काल उघडला. दुकान आता आपलं नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तुम्ही गेल्यापासून नऊ वर्षं बंद असलेल्या मशीनला एकदम वीज द्यायची नसते, म्हणून तुमच्या पद्धतीने सिरीजमध्ये बल्ब लावला. बल्ब आधी लख्ख पेटला, मग मंद होत गेला. काचेचे व्हॉल्व्ह तापले. माझा डावा हात पूर्ण वेळ खिशात होता. मी दहा वर्षांची असताना उघड्या सेटमध्ये दोन्ही हात घातले, तेव्हा तुम्ही मनगट धरून मला मागे ओढलं होतं. "दोन हातांनं धरली तं वीज छातीतून जाते. एक हात खिशात." माझ्या फ्रॉकला खिसा नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही शिंप्याकडे नेलंत आणि त्याला म्हणालात, "डाव्या अंगाले लावा, पोरीले कामाले लागते." तसा फ्रॉक दिग्रसमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

उद्या संध्याकाळी विहारात मला दोन गाणी वाजवायची आहेत. पोरगी बाबांच्याच मशीनवर वाजवणार, असं आईने समितीला परस्पर सांगून टाकलं. गिटारच्या आत चिकटवलेल्या पिकअपचा सिग्नल फार अशक्त असतो, पण तुमच्या पहिल्या व्हॉल्व्हला तो नीट ऐकू येतो. स्वर गोल निघतो, तारेवरून बोट सरकल्याचंही कळतं. मग मी हात थांबवते आणि मागे मशीनचा तो हम उरतो, एकसारखा घुमणारा, सहाव्या तारेच्याही खालचा. काल मी त्याच दोन ओळी वीस वेळा वाजवल्या असतील. दर वेळी थांबल्यावर तोच. उद्या गाण्यांमधल्या शांततेत तो सगळ्यांना ऐकू जाईल, आणि तो का आहे हे तिथे फक्त मला माहीत असेल.

तुमच्या लक्षात असेल, ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि तुम्ही तो हाताने गुंडाळत होतात. मी चौदा वर्षांची. तुम्ही हँडल फिरवताय, मी मोठ्याने वेढे मोजतेय, दर शंभराला वहीत एक रेघ. दुसऱ्या बाजूचे वेढे चालू असताना समितीचे काका आले. "काय दादा, पोरीले मास्तरीण केली का?" तुम्ही हसलात, मीही हसले, आणि रेघ मारली की नाही ते मला आठवेना. मी एक रेघ मारली आणि मोजणं पुढे चालू ठेवलं. काल मीटर लावला. एका बाजूला दोनशे पन्नास, दुसऱ्या बाजूला दोनशे तीस. दोन्ही बाजू सारख्या नसल्या की असाच खालचा हम येतो. व्होल्टला पाच वेढे हा तुमचा हिशेब. वीस व्होल्ट म्हणजे शंभर वेढे, म्हणजे ती एक जास्तीची रेघ.

त्याच वर्षी जयंतीला तेच काका भर मांडवात म्हणाले होते, "दादा, तुमचं मशीन गाणाऱ्याच्या आधीच सूर धरते." तुम्ही म्हणालात, "थो तंबोरा हाय. तुमाले फुकट." लोक हसले. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्याचा सेट लावला. तुम्ही घरी बसून भाषणं ऐकलीत, मांडवातून आवाज घरापर्यंत येत होता.

लोकांच्या सेटमधला हम शोधायला तुम्ही दिवसचे दिवस घालवायचात. स्वतःच्या मशीनमधला कधी शोधला नाहीत. वाइंडिंग मोजल्याशिवाय बसवायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलं. म्हणजे तुम्ही मोजलं होतं. मी हे काल रात्रीपासून तपासतेय आणि मला दुसरं उत्तर सापडत नाही. माझी चूक तुम्हाला तेव्हाच कळली होती, आणि तुम्ही एकदाही रागावला नाहीत.

काल हम सुरू झाला तेव्हा आई अंगणातून म्हणाली, "झालं का चालू? हेच तं." तिने तो ओळखला होता. हम मलाही आठवत होता आणि त्या रेघेचा संशय जुनाच, म्हणून मशीन उघडण्याआधीच मी तिला सांगून बसले होते की नागपूरहून नवा ट्रान्सफॉर्मर मागवला आहे, तो लावला की आवाज साफ होईल. आज दुपारी तिने विचारलं, "आला का थो पार्ट?" मी म्हटलं, अजून नाही.

बाबा, तो सोमवारीच आला. मोजून पाहिला, दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत. माझ्या पलंगाखाली आहे.