तिसरी लेव्हल, गोदामाची

३ मार्च
तिसऱ्या लेव्हलने डोकं उठवलंय! सहा जणांना गेम खेळायला दिला, पाच जणांनी तिथेच सोडला. एक तर विचारतो, "ताई, स्क्रीन बिघडलीय का?" अरे, धूर आहे तो! जळत्या इमारतीत काळंकुट्टच दिसतं. बाबांनी बत्तीस वर्षं अग्निशमन दलात काढलीत, त्यांनीच सांगितलंय.

खडूस (माझा भागीदार — कोड तो लिहितो, लेव्हल मी रचते) लगेच सुरू : "खरी आग बघायची तर लोक बातम्या लावतील. गेममध्ये मजा लागते."

५ मार्च
बाबांना विचारलं, धुरात शिरल्यावर पहिलं काय करता? "उजवा हात भिंतीला. भिंत सोडायची नाही. त्याच भिंतीने परत." बास, तेवढंच. पुढे लंबूकाकांचं नाव काढलं, तर उठून पाणी प्यायला गेले.

लंबूकाका बाबांचे दलातले जोडीदार. गोदामाच्या आगीत गेले, मी सात वर्षांची होते. बाबा तेव्हा बाहेर पाण्याच्या पंपावर होते, असं आई सांगते. त्यापुढे तीही बोलत नाही.

माझी तिसरी लेव्हल म्हणजे तेच गोदाम. जुन्या वर्तमानपत्रातल्या नकाशावरून बांधलंय. आत अडकलेल्या जोडीदाराला शोधायचं. सापडतो, पण पाठीवरच्या टाकीतली हवा दोघांना पुरत नाही. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. हिंमतच होत नाही.

९ मार्च
खडूसशी कडाक्याचं भांडण. "वाचवताच येत नाही तर खेळायचं कशाला?" मी म्हटलं, खरं तसंच असतं म्हणून! "खरं कुणासाठी? खेळणाऱ्यासाठी की तुझ्यासाठी?"

झोंबलं. वीस तारखेला गेमचं प्रदर्शन आहे आणि आम्ही दोघं एकमेकांच्या उरावर बसलोय.

११ मार्च
हरले. धूर विरळ केला, टाकी मोठी केली. आता जोडीदाराला खांद्यावर टाकून बाहेर आणता येतं. बाहेर आला की तो खोकतो आणि हसतो. परत खेळायला दिलं — लोक ओरडतायत काय, टाळ्या देतायत काय! खडूस हवेत.

मला मात्र लंबूकाकांशी गद्दारी केल्यासारखं वाटतंय.

१३ मार्च
शेवटी बाबांसमोर लॅपटॉप ठेवला. त्यांनी तिसऱ्या लेव्हलचं दार उघडलं, दोन पावलं आत गेले आणि म्हणाले, "हे गोदाम आहे." विचारलं नाही, सांगितलं. मेले मी! चुकलं बाबा, काढून टाकते, असं काहीबाही बडबडले. रागावले असते तर बरं झालं असतं. "लॅपटॉप राहू दे इथे," एवढंच म्हणाले.

१४ मार्च
आईचा फोन. बाबा सकाळपासून खेळतायत, जेवायलाही उठले नाहीत. खडूस म्हणतो, "बघ, याला म्हणतात मजा!"

१६ मार्च
चाचणीच्या गेममध्ये प्रत्येक डावाची नोंद राहते. खेळणारा कुठून कुठे गेला, त्याची रेघ नकाशावर उमटते. आज बाबांचे डाव उघडले. सव्वीस!

पहिल्या डावात जोडीदाराला उचलून व्यवस्थित बाहेर आणलंय. नंतरचे पंचवीस एकसारखे. भिंतीभिंतीने त्याच्यापर्यंत जायचं आणि थांबायचं. उचलायचं नाही, परत फिरायचं नाही. हवा संपेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहायचं. मग नवा डाव. खडूसला दाखवलं, त्याने एकेक रेघ पुन्हा उघडून पाहिली.

१७ मार्च
विचारलंच. बाबा, वाट माहीत आहे, मग बाहेर का येत नाही?

स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "तेव्हा आलो होतो ना मी. त्याला तिथे ठेवून."