यादीबाहेरच्या शांतामावशी

१० जून, संध्याकाळ

वेल्डिंग तपासायचा किरणोत्सर्गी तुकडा दुपारी त्याच्या शिशाच्या पेटीत परत जाईना. सेफ्टी ऑफिसर म्हणून मी शेड रिकामी केली, गेटवर यादी वाचली आणि साहेबांना ठामपणे सांगितलं, "सगळे बाहेर."

अर्ध्या तासाने सफाईच्या शांतामावशी झाडू घेऊन आतून आल्या. "मॅडम, आज लवकर सुट्टी व्हय?"

मावशी ठेकेदाराकडच्या, म्हणून यादीत नव्हत्या. यादीत नव्हत्या, पण रोज माझ्याशेजारी बसून डबा खातात ना? मला आठवल्या कशा नाहीत? आता त्यांच्या रक्ततपासणीच्या अहवालाची वाट बघायची.

बाबांनी अख्खं आयुष्य ठेकेदाराकडे काढलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझं त्यांना कोण कौतुक! आमच्या चाकणच्या कारखान्यात आज काय झालं ते त्यांच्या कानावर गेलेलं. विचारलं, "ठेकेदाराची माणसंपण काढलीस ना गं?"

"हो बाबा," मी म्हणाले, "सगळ्यात आधी."